रियोकान की मिन्शुकु? अंथरूण कोण घालणार ते आधी पाहा

जपानला निघालेल्या माणसाची एक इच्छा हमखास असते. एक रात्र तरी जुन्या पद्धतीच्या जपानी घरात वस्तीला राहायचं, तातामीवर, म्हणजे गवती चटईच्या जमिनीवर झोपायचं आणि गरम पाण्याच्या झऱ्यात निवांत बसायचं. मग बुकिंग करताना दोन फोटो शेजारीशेजारी दिसतात. दोन्हींत सरकती कागदी दारं, बुटकं टेबल, कोपऱ्यात घडी घातलेला युकाता, म्हणजे सैल सुती झगा. भाड्यात मात्र दुपटी-तिपटीचा फरक. स्वस्त ते घेतलं तरी अनुभव तोच मिळेल, असं वाटतं आणि इथेच फसायला होतं. महाग असतं ते बहुधा रियोकान, स्वस्त असतं ते मिन्शुकु.

दोन्ही शब्दांच्या चित्रलिपीतच फरक सांगितलेला आहे. रियोकान म्हणजे प्रवासाची वास्तू, मिन्शुकु म्हणजे लोकांच्या घरची वस्ती. पहिल्या ठिकाणी पाहुणचार हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय असतो. दुसऱ्या ठिकाणी शेतकरी किंवा कोळी कुटुंब आपल्याच घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतं. कोकणात घरगुती निवासात राहिलेल्या माणसाला मिन्शुकु पटकन कळेल.

रियोकानची सूत्रं ओकामीच्या, म्हणजे मालकीणबाईंच्या हाती असतात. तिच्या हाताखालच्या नाकाई, म्हणजे सेविका, तुम्हाला खोलीत नेतात, चहा आणि गोड पदार्थ पुढे ठेवतात, जेवण किती वाजता हवं ते विचारतात. संध्याकाळी काइसेकी पद्धतीचं जेवण येतं. लहान लहान वाट्या-बश्यांतून, एकामागून एक, त्या ऋतूचं आणि त्या भागाचं. काही ठिकाणी ते खोलीतच वाढतात, काही ठिकाणी वेगळ्या दालनात. तुम्ही जेवायला किंवा आंघोळीला गेलात की मागे कुणीतरी येऊन टेबल बाजूला सरकवतं आणि फुतोन, म्हणजे गादी-पांघरूण, घालून ठेवतं. परत येता तेव्हा बैठकीची खोली निजायची झालेली असते. मला विचाराल तर रियोकानचे निम्मे पैसे या न दिसणाऱ्या हातांचे असतात, आणि ते सार्थकी लागतात. ही परंपरा किती जुनी? यामानाशी प्रांतातल्या निशियामा ओन्सेन केइउनकान या रियोकानची स्थापना इ.स. 705 ची मानतात आणि जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे.

पैशांचा एक मुद्दा इथेच सांगतो. रियोकानचा दर बहुतेक वेळा खोलीचा नसतो, पंगतीतल्या ताटासारखा माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. दोघांची खोली समजून एकाचा आकडा वाचला की पुढचा हिशेब चुकतो. मिन्शुकुतही दर माणशीच असतो, पण बराच कमी. तिथे रोख येन जवळ ठेवलेले बरे.

मिन्शुकुत फुतोन कपाटात असतं. ते काढायचं, अंथरायचं आणि सकाळी घडी करून ठेवायचं, हे बहुधा तुमचं काम. टॉवेल, टूथब्रश, युकाता मिळेलच असं नाही. संडास-बाथरूम सामायिक. जेवण ठरल्या वेळी, सगळ्या पाहुण्यांना एकत्र आणि सगळ्यांना एकच: मीठ लावून भाजलेला नदीचा मासा, डोंगरातल्या रानभाज्या, लोणचं, भात, मिसो सूप. शिराकावागो या डोंगराळ भागातल्या ओगिमाची गावात उंच, उतरत्या गवती छपरांची गाश्शो-झुकुरी घरं आहेत. 1995 पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहेत. त्यांतल्या काही घरांत मिन्शुकु चालतात. दोन खोल्यांच्या मध्ये फक्त सरकती दारं असतात, त्यामुळे शेजारच्या पाहुण्याचं कुशीवर वळणंसुद्धा ऐकू येतं. रात्री आवाज खाली ठेवायचा, हे तिथे कुणी सांगायची वाट पाहू नये. अशा घरात इरोरीभोवती, म्हणजे जमिनीतल्या चौकोनी चुलीभोवती बसून जेवायला मिळालं, तर त्याची सर महागड्या दालनाला येत नाही.

कायद्यातही हा फरक उमटला आहे. जपानचा निवासव्यवसायाचा कायदा 1948 चा. पूर्वी रियोकान म्हणवून घ्यायला किमान 5 खोल्या लागत. 2018 मध्ये हॉटेल आणि रियोकान हे वर्ग एकत्र केले गेले आणि ती अट गेली. मिन्शुकु मात्र बहुतेक ‘साधं निवासस्थान’ या वेगळ्या वर्गात मोडतात.

आता गरम पाण्याचं. रियोकान आहे म्हणजे ओन्सेन, म्हणजे नैसर्गिक झऱ्याचं पाणी, असणारच आणि मिन्शुकु आहे म्हणजे नसणारच, हे दोन्ही समज चुकीचे आहेत. ओन्सेन हा शब्द घराला लागत नाही, पाण्याला लागतो. 1948 च्याच ओन्सेन कायद्याप्रमाणे जमिनीतून येणारं पाणी उगमाशी किमान 25 अंश सेल्सिअस असावं लागतं किंवा ठरवलेल्या 19 घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात त्यात असावा लागतो. म्हणून गार पाण्याचा झराही ओन्सेन ठरू शकतो आणि नळाचं तापवलेलं पाणी कितीही सुंदर हौदात भरलं तरी ठरत नाही. ओन्सेनच्या ठिकाणी पाण्याच्या पृथक्करणाचा कागद लावलेला असतो. झऱ्याचं पाणी पुन्हा पुन्हा न फिरवता सरळ वाहतं ठेवलं असेल तर त्याला ‘गेन्सेन काकेनागाशी’ म्हणतात. बुकिंग करताना मी आधी हेच शब्द शोधीन, फोटो नंतर.

किनोसाकी हे ह्योगो प्रांतातलं गाव पाहिलं की हे स्पष्ट होतं. विलोच्या झाडांनी वेढलेल्या ओढ्याच्या काठाने तिथे 7 सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि गावात मुक्कामाला असलेल्या पाहुण्याला त्यांचा पास मिळतो. संध्याकाळी लोक युकाता आणि गेता, म्हणजे लाकडी खडावा, घालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. तिथे साध्या घरात उतरलात तरी पाणी तेच. शिवाय या सातही ठिकाणी गोंदण असलेल्यांना मज्जाव नाही. जपानात इतरत्र अनेक ठिकाणी तो असतो.

आंघोळीची रीत मात्र सगळीकडे एकच. हौद हा अंग चोळायचा नाही, बुडून बसायचा. आधी हौदाबाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि बादली-तांब्यावर वाढलेल्या आपल्या माणसाला हे अजिबात जड जात नाही. जड जातं ते कपडे न घालता उतरणं. संकोच वाटत असेल तर फक्त तुमच्यासाठी राखता येणारा हौद, ‘काशिकिरी’, आहे का ते विचारा. मिन्शुकुतल्या घरगुती हौदापाशी आणखी एक काळजी घ्या. तेच पाणी सगळ्यांसाठी असतं, म्हणून बूच काढून ते सोडायचं नाही. बाहेर आल्यावर झाकण परत ठेवायचं. युकाता घालताना डावी बाजू वर, कारण उजवी वर फक्त मृताला घालतात.

गुडघ्यांचा त्रास असलेले आई-वडील बरोबर असतील तर खाटा असलेली मिश्र खोली, ‘वायोशित्सु’, मागा. ती मिन्शुकुपेक्षा रियोकानमध्ये मिळण्याची शक्यता जास्त. तुम्ही दोघंच असाल आणि किसो खोऱ्यात त्सुमागो ते मागोमे ही जुन्या नाकासेन्दो मार्गावरची वाट चालणार असाल, तर मिन्शुकुच घ्या. दमलेल्या पायांना तिथला साधेपणा मानवतो.

शाकाहारी वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. मासे-मांस नको एवढंच सांगून भागत नाही, कारण दाशी हा रस्सा बहुधा कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या पापुद्र्यांपासून करतात आणि तो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्यात असतो. हे बुकिंग करतानाच, स्पष्ट शब्दांत कळवा. मोठ्या रियोकानचा स्वयंपाकी चार दिवस आधी कळलं तर वेगळं काही करू शकतो. मिन्शुकुतली आजी सगळ्यांसाठी एकच भांडं चढवते, तिला दारात उभं राहून हे सांगणं अन्यायाचं आहे. तिथे जेवणाशिवायची खोली, ‘सुदोमारी’, घ्यावी आणि पोटाची सोय आपण करावी. पूर्ण शाकाहारी जेवणासकट जुन्या वास्तूत राहायचं असेल तर वाकायामा प्रांतातल्या कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध मठांत जावं. तिथे पाहुण्यांना ठेवून घेणारे पन्नासेक मठ आहेत आणि त्यांच्या शोजिन रियोरीत, म्हणजे मठातल्या शाकाहारी जेवणात, दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिताके अळंब्यांची असते.