मानसिक आरोग्याची योजना तपासणार कोण?

अमेरिकेतील एखाद्या राज्याला सामुदायिक मानसिक आरोग्यसेवांसाठी संघीय सरकारचे ठोक अनुदान, म्हणजे व्यापक हेतूसाठी एकत्र दिला जाणारा निधी, हवे असेल, तर योजना आखून पाठवणे एवढ्यावर त्याचे भागत नाही. ती योजना वाचणारी, तिच्यात बदल सुचवणारी आणि राज्यातील सेवा पुरेशा आहेत की नाहीत हे वर्षातून निदान एकदा तपासणारी एक परिषद त्या राज्यात असावी लागते. ही परिषद सल्लागार स्वरूपाची असते. तिला पैसे वाटता येत नाहीत आणि कोणा अधिकाऱ्याला आदेशही देता येत नाही. तरीही कायद्याने ती सक्तीची केली आहे आणि तिच्यात कोणी बसावे हेदेखील बऱ्याच अंशी ठरवून दिले आहे. अधिकार नसलेल्या मंडळाचा एवढा आग्रह का धरला गेला, हे समजण्यासाठी मनोविकारांवरील उपचार गेल्या पावणेदोनशे वर्षांत कोठून कोठे सरकले ते पाहावे लागते.

१८४३ मध्ये समाजसुधारक डोरोथिया डिक्स यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळापुढे एक निवेदन ठेवले. तुरुंगांत आणि निराधारांच्या आश्रयगृहांत साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या मनोरुग्णांची स्थिती त्यांनी स्वतः फिरून पाहिली होती. पुढे त्यांच्या प्रयत्नांतून संघीय सरकारने मनोरुग्णांसाठी जमीन द्यावी असे विधेयक काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, संमतही झाले. परंतु अशा प्रकारचे दायित्व संघीय सरकारचे नव्हे, तर राज्यांचे आहे, असे म्हणत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांनी १८५४ मध्ये ते नाकारले. त्या एका नकाराची छाया जवळजवळ शंभर वर्षे टिकली. मनोरुग्णालये राज्यांनी बांधली, राज्यांनी चालवली आणि त्यांची हेळसांडही राज्यांच्याच डोळ्यांदेखत झाली.

१९५५ मध्ये अमेरिकेतील राज्यांच्या मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. त्याच सुमारास, १९५४ मध्ये, क्लोरप्रोमाझिन हे औषध तेथे उपलब्ध झाले होते. भ्रम आणि भास यांची तीव्रता त्याने कमी होऊ लागली, आणि रुग्णाला आयुष्यभर चार भिंतींत ठेवण्याची गरज नाही, असा विश्वास बळावला. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली. देशभर सुमारे १,५०० केंद्रे उभी राहावीत अशी कल्पना होती. प्रत्यक्षात त्यांपैकी निम्म्याच्या आसपास उभी राहिली. १९६५ मध्ये आलेल्या मेडिकेड या कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने कामकरी वयाच्या प्रौढांच्या मनोरुग्णालयातील वास्तव्याचा खर्च देण्याचे नाकारले, त्यामुळे रुग्णालये रिकामी करण्यात राज्यांचा आर्थिक लाभही होता. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत साडेपाच लाखांवरून हा आकडा सत्तर हजारांच्या घरात आला.

रुग्णालयांतील बंदिस्त आयुष्याचे समर्थन कोणीही करू नये. मात्र या स्थित्यंतरात एक गोष्ट हरवली, आणि ती सहसा मोजली जात नाही. रुग्ण एका इमारतीत राहत होता तेव्हा त्याचे जेवण, निवारा, औषध, काम आणि सुरक्षितता यांची माहिती, चांगली असो वा वाईट, एकाच संस्थेच्या दप्तरात होती. तो बाहेर आल्यावर ती माहिती विखुरली. घराचा प्रश्न गृहनिर्माण विभागाकडे गेला, नोकरीचा व्यवसाय पुनर्वसन विभागाकडे, मुलांचा शाळांकडे, औषधांच्या बिलाचा मेडिकेडकडे. आणि संकटाच्या रात्री तो पोलिसांच्या हाती लागला तर त्याची नोंद तुरुंगाच्या नोंदवहीत झाली. प्रत्येक विभागाला आपापला तुकडा दिसत होता आणि संपूर्ण माणूस कोणालाच दिसत नव्हता. ही सगळी दारे एकामागून एक ठोठावलेली माणसे दोनच प्रकारची होती: आजाराचा स्वतः अनुभव घेतलेले शुभार्थी आणि त्यांची काळजी वाहणारे शुभंकर.

१९८६ मध्ये काँग्रेसने राज्यांना मानसिक आरोग्यसेवांची सर्वंकष योजना आखणे बंधनकारक केले आणि त्या योजनेसाठी परिषदेची तरतूद केली. १९९२ च्या कायद्याने ठोक अनुदानाची आजची चौकट घातली. तिच्यानुसार परिषदेत राज्याच्या मानसिक आरोग्य, शिक्षण, व्यवसाय पुनर्वसन, फौजदारी न्याय, गृहनिर्माण आणि समाजसेवा या विभागांचे प्रतिनिधी असावे लागतात, तसेच मेडिकेड सांभाळणाऱ्या यंत्रणेचाही. सेवा पुरवणारे असावेत, शुभार्थी असावेत, कुटुंबीय असावेत. गंभीर भावनिक विकार असलेल्या मुलांच्या पालकांचे प्रमाण त्या मुलांची बाजू नीट मांडली जाईल एवढे असावे. आणि निदान निम्मे सदस्य असे असावेत, की जे राज्याचे कर्मचारी नाहीत आणि मानसिक आरोग्यसेवा पुरवण्याच्या व्यवसायातही नाहीत.

ही यादी कोणाला निव्वळ प्रशासकीय वाटेल. माझ्या मते तिच्यातील जवळजवळ प्रत्येक नावामागे गेल्या काही दशकांतील संशोधन उभे आहे. शिक्षण विभागाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून २००५ मध्ये पुढे आलेल्या निष्कर्षानुसार आयुष्यात कधीही होणाऱ्या मनोविकारांपैकी सुमारे निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे आजाराची पहिली चिन्हे दिसतात ती बहुधा वर्गात, आणि तेथे मनोविकारतज्ज्ञ नसतो. व्यवसाय पुनर्वसनाचेही तसेच. पूर्वी गंभीर मनोविकार असलेल्या माणसाला आधी दीर्घ प्रशिक्षण आणि मग जमल्यास नोकरी, असा क्रम होता. न्यू हॅम्पशायरमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत हा क्रम उलटला: माणसाला हवी ती खरीखुरी, बाजारातील नोकरी आधी शोधायची आणि ती टिकवण्यासाठी आधार नंतरही चालू ठेवायचा. यादृच्छिक चाचण्यांमध्ये, म्हणजे कोणाला कोणती सेवा मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून केलेल्या तुलनांमध्ये, हीच पद्धत वारंवार सरस ठरली आहे. आधी घर आणि मग उपचारांची बोलणी, हा न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेला प्रयोगही त्याच जातीचा. निवारा टिकून राहण्याच्या बाबतीत त्याचे फळ चांगले दिसले. पोलिसांना संकटप्रसंगी कसे वागावे याचे प्रशिक्षण देणारा प्रारूप कार्यक्रम मेम्फिसमध्ये १९८८ मध्ये सुरू झाला. यांपैकी एकही गोष्ट आरोग्य विभागाला एकट्याने करता येणारी नाही.

आता या सर्वांत मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटणारे संशोधन थोडे सविस्तर पाहू. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात भ्रम आणि भास प्रथम सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत जो काळ जातो, त्याला उपचाराविना गेलेला काळ म्हणतात. हा काळ जितका लांबतो तितकी पुढची सुधारणा मंद होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २१ राज्यांतील ३४ सामुदायिक केंद्रांत पहिल्या झटक्यातील ४०४ रुग्णांचा मागोवा घेतला गेला. काही केंद्रांत नेहमीचे उपचार होते. काहींत औषधे, मानसोपचार, कुटुंबाचे प्रशिक्षण आणि शिक्षण-नोकरीसाठीची मदत हे सर्व एकाच चमूकडून मिळत होते. दोन वर्षांनी पाहता एकत्रित सेवा मिळालेल्यांची प्रगती अधिक होती. परंतु अभ्यासात शिरतानाच या रुग्णांचा उपचाराविना गेलेला काळ मोजला असता त्याचा मध्यक ७४ आठवडे भरला, म्हणजे निम्म्या रुग्णांचा काळ याहून कमी आणि निम्म्यांचा जास्त होता. ज्यांचा काळ याहून कमी होता त्यांना एकत्रित सेवेचा लाभ ठळकपणे झाला. ज्यांचा जास्त होता त्यांना तो फारसा झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेशी संबंधित तज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा तीन महिन्यांची आहे, हे लक्षात घेतले की ७४ आठवड्यांचे गांभीर्य कळते.

या संशोधनाचा थेट परिणाम अनुदानावर झाला. २०१४ पासून काँग्रेसने ठोक अनुदानाचा ५ टक्के हिस्सा या पहिल्या टप्प्यातील उपचारांसाठी राखून ठेवला आणि २०१६ मध्ये तो १० टक्के केला. विज्ञानातून धोरणापर्यंतचा प्रवास इतक्या कमी वर्षांत झाल्याची उदाहरणे विरळ आहेत.

पण ते ७४ आठवडे कोणत्या दप्तरात सापडतील? केंद्राची नोंद सुरू होते रुग्ण केंद्रात आला त्या दिवशी. त्यापूर्वीचे जवळजवळ दीड वर्ष आईवडिलांच्या आठवणीत असते, एखाद्या शिक्षिकेच्या शेऱ्यात असते, कधी पोलिसांच्या नोंदीत असते, आणि पुष्कळदा त्या तरुणाच्या एकट्याच्या मनात असते. विभागाचा अहवाल आलेल्या रुग्णांवर बोलतो. जे आलेच नाहीत, जे एकदा येऊन परत फिरले, ज्यांना फोन उचलला न गेल्याने आशा सोडावी लागली, ते त्यात दिसत नाहीत. संख्याशास्त्रात हा निवडीतून येणारा पूर्वग्रह मानला जातो, आणि तो दूर करण्यासाठी आधीच जमलेल्या माहितीचे कितीही काटेकोर विश्लेषण केले तरी उपयोग होत नाही, कारण हवी ती माहिती त्या साठ्यात मुळात आलेलीच नसते. अनुदानाच्या कायद्याने म्हणूनच राज्याला गंभीर मनोविकारांच्या प्रमाणाचा अंदाज मांडायला सांगितले आहे. किती जणांना सेवा दिली हा अंश. किती जणांना तिची गरज होती हा छेद. परिषदेने पहिला प्रश्न छेदाबद्दल विचारावा, आणि छेदाची जाण असलेली माणसे प्रामुख्याने शुभार्थी, शुभंकर आणि पालक हीच असतात.

शुभार्थींचा अनुभव मोलाचा आहे हे मान्य करूनही त्याबद्दल अवास्तव दावे करू नयेत. शुभार्थींनाच सेवा देणाऱ्या चमूत नेमल्यास काय होते, यावरील ११ यादृच्छिक चाचण्यांचा आढावा २०१३ मध्ये कॉक्रेन या नामांकित आढावा-मालिकेत आला. त्यांच्या सेवेचे परिणाम व्यावसायिकांच्या सेवेहून वाईट नव्हते, आणि ठळकपणे चांगलेही नव्हते. संकटकालीन सेवांचा वापर मात्र थोडा कमी झाल्याचे दिसले. मला हा निष्कर्ष पुरेसा आश्वासक वाटतो. अनुभवी माणसाला जबाबदारी दिली तर दर्जा घसरेल, ही शंका त्याने निकाली काढली. परिषदेची गोष्ट त्याहूनही वेगळी आहे. तेथे शुभार्थी उपचार करायला बसलेला नसतो. त्याने दिलेली साक्ष दुसऱ्या कोणाकडून मिळण्यासारखी नसते.

तो केवळ शोभेपुरता बसवला गेला, तर मात्र हे सारे व्यर्थ जाते, आणि तसे होण्याच्या वाटा अनेक आहेत. शेकडो पानांची योजना बैठकीच्या दोन दिवस आधी हातात पडते. बैठक कामाच्या वेळेत आणि राजधानीत भरते, प्रवासखर्च मात्र महिन्यांनी मिळतो. सगळी चर्चा संक्षेपाक्षरांत होते. परिषदेत एकच शुभार्थी असेल तर राज्यातील सर्व आजारांचा आणि सर्व समाजगटांचा तो प्रतिनिधी मानला जातो, आणि त्याने नाराजी व्यक्त केली की ती आजाराचे लक्षण समजण्याचा धोकाही असतो. यावरचे उपाय साधे आहेत: एकाऐवजी अनेक शुभार्थी, सोप्या भाषेतील गोषवारा, आगाऊ खर्च, दूरस्थ सहभागाची सोय, आणि आजारपणामुळे एखादी बैठक हुकली तरी सदस्यत्व न जाण्याची हमी. ही हमी मला विशेष आवश्यक वाटते, कारण ज्या आजाराच्या अनुभवासाठी माणसाला निवडले, त्याच आजाराच्या कारणावरून त्याला काढणे हा उघड अन्याय आहे.

निम्म्या सदस्यांच्या अटीतही एक पोकळी आहे. राज्याचा नोकर नसणे आणि सेवा पुरवण्याच्या व्यवसायात नसणे म्हणजे आजाराचा अनुभव असणे नव्हे. त्या निम्म्यांत इतर कोणीही बसवता येतो आणि कागदोपत्री अट पुरी होते. परिषद स्थापन करणाऱ्या राज्याने आपल्या कायद्यात शुभार्थी, शुभंकर आणि पालक यांची किमान संख्या स्वतंत्रपणे लिहावी. त्याचबरोबर ज्या संस्थेला राज्याकडून निधी मिळतो तिच्या प्रतिनिधीने त्या निधीच्या विषयावर मत देताना आपला संबंध जाहीर करावा. सेवा पुरवणाऱ्यांना दूर ठेवणे हा त्यावरचा उपाय नाही. दवाखान्यात परिचारिका किती कमी आहेत हे त्यांच्याइतके कोण सांगणार?

उरतो प्रश्न सल्ल्याच्या वजनाचा. संघीय कायद्यातील मला सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटणारी तरतूद येथे आहे. परिषदेने योजनेत सुचवलेले बदल राज्याने स्वीकारले असोत वा नसोत, त्या शिफारशी योजनेसोबत संघीय सरकारकडे पाठवाव्याच लागतात. वार्षिक अहवालावरील परिषदेच्या टिप्पणीलाही हाच नियम लागू आहे. राज्याला सल्ला फेटाळण्याचे स्वातंत्र्य राहते, पण तो दडपण्याचे राहत नाही. कोणत्याही राज्याला याच्या एक पाऊल पुढे जाता येईल: फेटाळलेल्या प्रत्येक शिफारशीचे कारण विभागाने ठरावीक मुदतीत लेखी द्यावे आणि ते शिफारशीसह विधिमंडळापुढे ठेवावे. सदस्यांच्या मुदती एकाच दिवशी न संपता टप्प्याटप्प्याने संपाव्यात, म्हणजे नवा गव्हर्नर आला तरी संपूर्ण परिषद एका सहीने बदलता येणार नाही, आणि मागच्या वर्षी कोणते उत्तर मिळाले होते हे आठवणारी काही माणसे पुढच्या बैठकीत असतील.