ढाल, भाला आणि नाट्यगृह : ग्रीक शोकांतिकेची सैनिकी पार्श्वभूमी

नाट्यलेखनाची विद्यार्थिनी म्हणून ग्रीक शोकांतिका प्रथम वाचल्या, तेव्हा त्या देवांच्या आणि दैवाच्या कथा आहेत अशीच माझी समजूत होती. त्या लिहिणारे आणि पाहणारे अनेक जण स्वतः रणांगणावर उभे राहिलेले होते, हे कळल्यानंतर मात्र तीच नाटके मला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली.

इ.स.पू. पाचव्या शतकातील अथेन्समध्ये सैनिक हा नागरिकाहून वेगळा नव्हता. शेतकरी, कुंभार, नाटककार अशा कोणालाही ढाल-भाला घेऊन किंवा युद्धनौकेच्या वल्ह्यावर बसून लढावे लागे. नाटककार एस्किलस इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला इराणी सैन्याशी लढला. त्याचा भाऊ सायनेगायरस त्याच लढाईत शत्रूचे जहाज धरून ठेवताना हात तुटून मेला, असे इतिहासकार हिरोडोटसने लिहिले आहे. एस्किलसचा म्हणून सांगितला जाणारा समाधिलेख मॅरेथॉनमधील त्याच्या शौर्याचा उल्लेख करतो, नाटकांचा करत नाही.

अशा माणसाने इ.स.पू. ४७२ मध्ये सादर केलेले ‘पर्शियन्स’ हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने ग्रीक नाटक होय. इराण्यांवरील सॅलॅमिसच्या नाविक विजयाला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि प्रेक्षकांत त्या लढाईतून परतलेले लोक होते. तरीही नाटक घडते सुसा या इराणी राजधानीत, पराभूत राजा झर्क्सिसची आई मुलाची वाट पाहत असताना. शत्रूच्या घरातला आकांत विजेत्यांनी शांतपणे बसून पाहावा, ही मागणी एस्किलसने केली, आणि त्या वर्षीचे पहिले पारितोषिकही त्यालाच मिळाले. आपल्याच जखमेचे नाटक मात्र अथेन्सला याआधी सोसले नव्हते. इराण्यांनी मायलिटस हे ग्रीक नगर जिंकल्यावर नाटककार फ्रिनिकसने त्यावर नाटक केले, तेव्हा सारे नाट्यगृह रडले आणि त्याला १,००० ड्राक्मा दंड झाला.

शोकांतिका सादर होत त्या डायोनिसिया या डायोनिसस देवाच्या उत्सवाचे स्वरूपही सैनिकी होते. नाटकांपूर्वी सेनापती देवाला अर्घ्य देत आणि युद्धात मारल्या गेलेल्यांची मुले वयात आली की त्यांना शहराने दिलेली शस्त्रे लेवून प्रेक्षकांसमोरून नेले जाई. पितृछत्र गमावलेली ती मुले पाहून झाल्यावर, त्याच बाकांवर बसलेल्या लोकांसमोर एखादा अनाथ, एखादी विधवा किंवा वेडा झालेला योद्धा रंगभूमीवर येई, तेव्हा ते केवळ पुराण उरत नसावे, असे मला वाटते.

नाटककार सॉफोक्लीस स्वतः सॅमॉस बेटाविरुद्धच्या युद्धात, इ.स.पू. ४४१-४० च्या सुमारास, अथेन्सचा नेता पेरिक्लीस याच्याबरोबर सेनापती होता. त्याच्या ‘एजॅक्स’मध्ये ट्रॉयच्या युद्धात मेलेल्या अकिलीसची शस्त्रे आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली म्हणून अपमानाने पेटलेला वीर आपल्याच सेनापतींना मारायला निघतो, अथेना देवी त्याची बुद्धी भ्रमिष्ट करते आणि तो गुरेढोरे कापून काढतो. भानावर आल्यावर तो तलवारीवर पडून मरतो. ही हकिगत सैनिकांना प्रथम सांगते ती टेक्मेसा, त्याच्याबरोबर राहणारी, लढाईत हाती आलेली स्त्री. राहुटीत काय घडले ते तिने पाहिले आहे. इ.स.पू. ४०९ मधील ‘फिलोक्टेटिस’मध्ये पायाला चिघळलेली जखम असलेल्या सैनिकाला सोबत्यांनी एका बेटावर सोडून दिले आहे, आणि त्याच्या धनुष्याची गरज पडल्यावर दहा वर्षांनी ते परत येतात. हे नाटक मृत्यूने संपत नाही, जखम बरी होण्याच्या आश्वासनाने संपते. मराठीतल्या ‘शोकांतिका’ या शब्दाने अंताकडेच लक्ष वेधले जाते. इथे दुःख आरंभापासून भरलेले आहे.

हा धागा पुन्हा हाती आला तो अलीकडे. बोस्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ मध्ये होमरच्या ‘इलियड’ महाकाव्यातील अकिलीसचा क्रोध आणि आपल्या रुग्णांचे अनुभव शेजारी ठेवून पुस्तक लिहिले. २००८ मध्ये नाट्यदिग्दर्शक ब्रायन डोरीज यांनी सॅन डिएगो येथे अमेरिकी मरीन सैनिकांसमोर ‘एजॅक्स’ आणि ‘फिलोक्टेटिस’मधील प्रवेशांचे वाचन घडवून आणले. त्यानंतरची चर्चा ठरल्या वेळेच्या कितीतरी पुढे गेली, आणि तिथे बोलायला पहिल्यांदा उभी राहिली ती एका सैनिकाची पत्नी.