ॲस्परागस नेलात, आता शिजवायचा कसा?

ॲस्परागसच्या जुड्या आमच्याकडून बरीच वर्षं चोर्ला घाट उतरून गोव्याच्या हॉटेलांतच जायच्या. आता बेळगावातली घरं मागतात, खानापूर-निपाणीकडची मंडळीही मागतात. भाजी फसली म्हणून सांगायला येणाऱ्यांचं कारण बहुतेक एकच असतं: गवारीसारखी कुकरला लावली आणि लगदा झाला. या भाजीला शिट्टी नको. काही मिनिटांचंच काम आहे.

ॲस्परागस हा आपल्या शतावरीचाच भाऊबंद. शतावरीच्या मुळ्या औषधाला जातात, याचे मात्र जमिनीतून वर येणारे कोवळे कोंब खायचे. लावल्यावर दोन-तीन वर्षं नीट तोडणी मिळत नाही आणि पुढेही एकेक कोंब हातानेच कापावा लागतो. मेथी-शेपूपेक्षा भाव चढा असतो तो त्यामुळे.

जुडी घेताना शेंडे बघा. घट्ट मिटलेले हवेत. सुटलेले किंवा चिकट झालेले नकोत. बारीक कांडी म्हणजे कोवळी आणि जाड म्हणजे जून, असं मात्र नाही. जाड कांडीही चांगली रसदार असते, आणि तव्यावर भाजायला आम्ही तीच घ्यायला सांगू. तोडल्यापासून तिची गोडी उतरत जाते, म्हणून दोन दिवसांत संपवलेली बरी. लांब जायचं असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून न्या. घरी पेल्यात बोटभर पाणी घेऊन कांड्या त्यात उभ्या ठेवा, वरून पिशवी सैल घाला आणि पेला फ्रिजमध्ये ठेवा.

करायच्या आधी शेंड्यांत अडकलेली माती पाण्यात हलवून काढा. बुडखा पांढरट आणि चरबट असतो, तेवढा कापून टाका. कांडी जाड असेल तर खालच्या अर्ध्या भागाची साल सोलण्याने हलकी काढा. कापलेले बुडखे फेकू नका. पाण्यात उकळून गाळलं की सूपला चांगलं पाणी मिळतं.

आपल्या घरात सगळ्यात जमणारी रीत परतण्याची. दोन इंचांचे तुकडे करा, शेंडे वेगळे ठेवा. लोखंडी कढईत तेल तापवून मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घाला. आधी देठाचे तुकडे मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परता, मग शेंडे घालून आणखी दोन मिनिटं. मीठ घाला, झाकण ठेवू नका. गॅस बंद केल्यावरच लिंबू पिळा. आंबट आधी पडलं की हिरवा रंग मळकट होतो. वरून ओलं खोबरं किंवा शेंगदाण्याचं कूट. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर ही भाजी छान लागते. कांदा-लसूण चटणी घालायचा मोह होईल, पण मग चटणीच लागेल. झुणक्यात घातली तरी तेच, नुसतं बेसन लागतं.

भाजायची असेल तर कांड्या अख्ख्या ठेवा. तेल-मीठ चोळून तापल्या तव्यावर फिरवत राहा, पाच-सहा मिनिटांत काळे डाग पडू लागतात. ओव्हन असेल तर २०० अंशांवर १० ते १२ मिनिटं. बारीक कांड्या त्याआधीच होतात, लक्ष ठेवा.

उकडायची तर पाणी खळखळ उकळल्यावर मीठ घाला आणि कांड्या सोडा. बारीक असतील तर दोन मिनिटं, जाड असतील तर तीन-चार. सुरी सहज शिरली पण कांडी वाकली नाही, की लगेच काढा. गार खायची असेल तर थंड पाण्यात टाका, गरम खायची असेल तर निथळून वर लोण्याचा गोळा आणि मिरपूड. मुलांना ऑम्लेटमध्ये घालून द्या, तक्रार येत नाही.

ॲस्परागस खाल्ल्यावर लघवीला उग्र वास येतो. घाबरू नका, त्यातल्या गंधकयुक्त घटकामुळे तसं होतं आणि त्याने काही अपाय नाही. मात्र घरात कुणाला वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण या भाजीत के जीवनसत्त्व भरपूर असतं.

पांढरा ॲस्परागस कधीमधी येतो. तो याच झाडाचा, मातीखाली झाकून वाढवलेला. त्याची साल पूर्ण सोलावी लागते आणि शिजायलाही हिरव्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. हवा असेल तर दुकानात आधी सांगून ठेवा, आला की बाजूला काढू.