इंटरनेटचा भाटकार कोण?
फोंड्यात चहाच्या टेबलावर एक गोष्ट हमखास ऐकू येते: इंटरनेटचे तेरा सर्व्हर अमेरिकेत आहेत, तिने बटण दाबले की आपले सगळे बंद. म्हणजे अमेरिका भाटकार, जमिनीची मालकीण, आणि आपण मुंडकार, तिच्या जमिनीवर घर करून राहणारे!

तसे नाही. १३ ही संख्या रूट सर्व्हरच्या (संकेतस्थळाच्या नावाचा शोध जिथून सुरू होतो, त्या सर्व्हरच्या) पत्त्यांची आहे, यंत्रांची नव्हे. हे पत्ते १२ संस्था सांभाळतात. त्यांतल्या तीन स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानमधल्या. एकेका पत्त्यामागे जगभर विखुरलेली यंत्रे असतात, एकूण हजारावर, काही भारतातही. शिवाय संकेतस्थळाचा मजकूर तिथे नसतोच. ‘डॉट इन’ने संपणाऱ्या नावाची चौकशी कुठे करायची, एवढेच ते सांगतात, तिठ्यावर "अमक्याचे घर खंय?" विचारावे तसे. ते उत्तरही तुमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर साधारण दोन दिवस लक्षात ठेवू शकतो.

अफवेला थोडा आधार होता, हे मान्य. ‘डॉट इन’सारख्या नावांच्या मूळ यादीवर अमेरिकी सरकारची देखरेख होती. ती १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली. आता यादीचा कारभार आयकॅन ही संस्था पाहते. ती कॅलिफोर्नियात नोंदलेली, म्हणजे अमेरिकी कायदा तिला लागू. रशिया-चीनची कुरकुर इथेच आहे, आणि ती मला अगदीच बिनबुडाची वाटत नाही. पण २०२२ मध्ये युक्रेनने रशियाचे ‘डॉट आरयू’ काढून टाकण्याची मागणी केली, तेव्हा आयकॅनने ती नाकारली.

आणि ‘डॉट इन’ची वही? ती भारतातल्याच निक्सी या संस्थेच्या ताब्यात आहे.