रोगकारके, पिकांची व जनावरांची (खानदेश)

वनस्पती व प्राणी यांच्यात संसर्गजन्य रोग उत्पन्न करणारे सूक्ष्मजीव किंवा जीवसदृश घटक. विषाणू, जीवाणू, फायटोप्लाझ्मा (पेशीभित्तिका नसलेले सूक्ष्मजीव), बुरशी, आदिजीव (एकपेशीय प्राणी) व सूत्रकृमी (दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी) हे यांचे प्रमुख गट. आवरणरहित आरएनएचा बनलेला व्हायरॉइड हा वनस्पतींच्या रोगकारकांचा वेगळा गट शास्त्रज्ञ डायनर यांनी १९७१ मध्ये मांडला. येथे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील उदाहरणे घेतली आहेत.

शेतकऱ्यांची रोगनामे लक्षणांवरून पडलेली आहेत, त्यामुळे एकाच नावाखाली भिन्न रोगकारके येतात. केळीवरचा सिगाटोका करपा बुरशीमुळे होतो, तर कपाशीचा कोनीय करपा झँथोमोनास जीवाणूमुळे. बुरशीनाशकाची निवड पहिल्यात उपयोगी, दुसऱ्यात बहुधा निरुपयोगी; म्हणून गट ओळखणे हे उपचाराच्या आधीचे काम होय.

वांग्याचा पर्णगुच्छ किंवा बोकड्या हे याचे उत्तम उदाहरण. भरिताच्या वांग्यासाठी प्रसिद्ध असलेल्या या भागात रोगट झाड लगेच ओळखू येते: पाने बारीक, फांद्यांचा झुबका, फळ नाही. जुन्या ग्रंथांत हा रोग विषाणुजन्य गणलेला आढळतो. तुडतुड्यांमार्फत प्रसार आणि जीवाणू अडवणाऱ्या गाळणीत न सापडणारे रोगकारक, यांमुळे ते वर्गीकरण स्वाभाविकच होते. पुढे जपानमध्ये १९६७ साली तुतीच्या खुजेपणाच्या रोगात डोई व सहकाऱ्यांना झाडाच्या रसवाहिन्यांत पेशीभित्तिका नसलेले जीव दिसले. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने लक्षणे तात्पुरती दबतात, हेही त्याच सुमारास दाखवले गेले. प्रतिजैविकाने विषाणू दबत नाही, त्यामुळे हा पुरावा निर्णायक मानणे अधिक सयुक्तिक. अशा जीवांना प्रथम मायकोप्लाझ्मासदृश जीव म्हटले जाई, आता फायटोप्लाझ्मा म्हणतात. मराठी कृषिपुस्तिकांत मात्र ‘विषाणूजन्य’ हा शब्द अजून अधूनमधून दिसतो. तो बदलायला हवा.

केळीचा हरण्या हा खरा विषाणुजन्य रोग; त्याचे रोगकारक काकडीचा मोझॅक विषाणू (सीएमव्ही). रावेर, यावल व चोपडा या केळीपट्ट्यात, विशेषतः पावसाळी लागवडीच्या मृगबागेत, कोवळ्या रोपांवर तो आढळतो. पानावर पिवळसर तुटक पट्टे पडतात, पाने आखडतात आणि थंड, ढगाळ हवेत पोंगा (मधले न उलगडलेले पान) सडतो. ही सड स्वतंत्र रोग नसून मूळ संसर्गाचा परिणाम आहे. मावा हा विषाणू काही सेकंदांतच उचलतो व तितक्याच लवकर दुसऱ्या झाडाला देतो. कीटकनाशक लागू पडेपर्यंत संसर्ग होऊन गेलेला असतो. म्हणून रोगट रोप उपटून नष्ट करणे आणि बागेत काकडीवर्गीय, मिरची वा टोमॅटोचे आंतरपीक टाळणे यांवर भर द्यावा. मर रोगाची फ्युजेरियम बुरशी याउलट जमिनीत अनेक वर्षे टिकते, त्यामुळे निरोगी बेणे व पिकाची फेरपालट महत्त्वाची.

जनावरांत लाळ्या-खुरकूत विषाणुजन्य, तर घटसर्प, फऱ्या व काळपुळी जीवाणुजन्य. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचतात. लम्पी त्वचारोग देवीवर्गीय विषाणूमुळे होतो व चावणारे कीटक तो पसरवतात. महाराष्ट्रातील २०२२ च्या साथीची सुरुवात ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यात झाली. गुरांना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली. भारतातील बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळली. रोगकारक एच५एन१ विषाणू. २०२१ मध्ये तेथे बर्ड फ्लू पुन्हा उद्भवला.

आदिजीवांपैकी गोचिडांमार्फत पसरणारा थायलेरिया संकरित गाईंना विशेष घातक ठरतो. सूत्रकृमी केळी, पपई यांच्या मुळांवर जगतात.