पेटी सांगते आकडा, माणूस असतो नोंदवहीत

जहाज बुडायला लागलं की त्याच्या डेकवरची एक छोटी पिवळी पेटी आपणहून सुटते. तिच्या कप्प्याला पाण्याच्या दाबावर चालणारी कळ असते. पेटी दीड ते चार मीटर खोल गेली की कळ सुटते आणि पेटी वर येऊन लाटांवर हेलकावू लागते. तिचा दिवा लुकलुकतो आणि साधारण दर ५० सेकंदांनी ती जेमतेम अर्धा सेकंद बोलते. ताकद फक्त ५ वॅट, म्हणजे एखाद्या लहानशा एलईडी बल्बला लागते तेवढी. तरीही ते बोलणं हजारो किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला ऐकू जातं, कारण ४०६ मेगाहर्ट्झच्या आसपासचा तो अरुंद पट्टा जगभर याच कामासाठी मोकळा ठेवलेला आहे.

या पेटीला दर्यावर्दी ‘ईपर्ब’ म्हणतात. विमानातली तिची बहीण म्हणजे ईएलटी. ती विमान आदळल्याच्या हिसक्याने सुरू होते. गिर्यारोहक किंवा एकटा शिडाची होडी घेऊन निघालेला माणूस अंगावर बाळगतो ती पीएलबी. ती हातानेच सुरू करावी लागते. तिघींची भाषा एकच आहे.

त्या अर्ध्या सेकंदात पेटी काय सांगते? जहाजावर किती माणसं आहेत, कोण जखमी आहे, बोट कुठल्या बंदरातून निघाली, यातलं काहीच नाही. ती सांगते १५ चिन्हांचा एक ओळखक्रमांक: शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं यांतून बनलेला. त्यात देशाचा तीन आकडी संकेत गुंफलेला असतो. भारताचा आहे ४१९. पेटीत जीपीएस असेल तर जोडीला अक्षांश-रेखांश. बस्स. पुढचं सगळं, म्हणजे मालकाचं नाव, घरचा फोन, बोटीचा रंग, लांबी, तिच्यावर रबरी तराफा आहे की नाही, हे जमिनीवरच्या एका नोंदवहीत असतं. असतं म्हणजे, कुणी तरी आधी भरलेलं असेल तरच.

हा आकडा आला कुठून, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. १९७९ साली, शीतयुद्ध चालू असताना, अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स या चौघांनी ठरवलं की संकटातल्या माणसाची हाक उपग्रहांनी ऐकायची, मग तो कुठल्याही देशाचा असो. त्या व्यवस्थेचं नाव कॉस्पास-सारसॅट. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाने जून १९८२ मध्ये सोडला. सप्टेंबर उजाडतो न उजाडतो तोच कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जंगलात एक छोटं विमान कोसळलं आणि त्यातली तीन माणसं या सोव्हिएत उपग्रहाने ऐकलेल्या हाकेमुळे सापडली. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेल्या देशांनी हे काम मिळून केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ती हाक मात्र जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झवरची होती, आणि त्या काळच्या पेट्या नुसती शिट्टी वाजवायच्या. कोण वाजवतंय ते कळायचं नाही. एवढंच काय, शिट्टी पेटीचीच आहे की दुसऱ्या कशाची, हेही कळायचं नाही. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात कॉर्व्हालिस गावी उपग्रहाने अशीच एक शिट्टी टिपली. शोधपथक माग काढत निघालं आणि एका विद्यार्थ्याच्या दारात जाऊन थडकलं. शिट्टी त्याचा टीव्ही वाजवत होता! त्यातला एक भाग बिघडून नेमक्या त्याच वारंवारतेवर लहरी सोडत होता. असल्या हुलकावण्यांत विमानं, माणसं आणि इंधन खर्ची पडत होतं, आणि त्याच वेळी दुसरीकडे कुणी खरंच बुडत असण्याची शक्यता असायचीच. शेवटी १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ ऐकणं बंद केलं. आज ती शिट्टी फक्त शेवटच्या टप्प्यात कामाला येते: हेलिकॉप्टर जवळ पोचलं की तिच्या रोखाने थेट पेटीपर्यंत जातं.

४०६ च्या पेट्यांनी शिट्टीच्या जागी आकडा आणला. आता टीव्ही आणि जहाज यांत गल्लत होणं सरलं. पण आकड्यामुळे एक नवी जबाबदारी आली, आणि ती उपग्रहाची नाही, पेटीच्या मालकाची आहे.

जागा कशी कळते, हेही पाहू. रेल्वे फाटकाशी उभं राहिलात तर जवळ येणाऱ्या इंजिनाचा भोंगा वरच्या पट्टीत ऐकू येतो आणि इंजिन पुढे गेलं की तोच खाली उतरतो. डोक्यावरून सेकंदाला सात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला पेटीचा आवाज असाच चढता-उतरता भासतो. कधी आणि किती उतरला याचं गणित मांडलं की साधारण पाच किलोमीटरच्या आत पेटी कुठे आहे ते समजतं. गंमत अशी की या गणिताला दोन उत्तरं येतात, उपग्रहाच्या वाटेच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक, आणि खरं कुठलं ते पृथ्वीच्या फिरण्याने पडणाऱ्या बारीकशा फरकावरून ओळखावं लागतं. हे काम करणारे उपग्रह खालच्या कक्षेत असल्यामुळे ते डोक्यावर येईपर्यंत वाट पाहावी लागते. कधी कधी तासाहून जास्त.

याउलट भूस्थिर उपग्रह एकाच जागी टक लावून असतात, त्यामुळे हाक लगेच ऐकतात. आपले इन्सॅट मालिकेतले हवामानाचे उपग्रह ढगांची छायाचित्रं घेता घेता हेही काम करतात. पण ते पेटीच्या तुलनेत हलत नाहीत. भोंगा चढत-उतरत नाही, म्हणून जागा काढता येत नाही. पेटीत जीपीएस नसेल तर हातात उरतो तो फक्त आकडा. १ ऑक्टोबर २०१५ रोजी बहामा बेटांजवळ चक्रीवादळात ‘एल फारो’ हे मालवाहू जहाज बुडालं तेव्हा हेच झालं. त्याच्या पेटीची हाक भूस्थिर उपग्रहाने ऐकली, तीत जागा नव्हती, आणि काही वेळातच ती थांबली. जहाजावरच्या ३३ जणांपैकी कुणीही वाचलं नाही. २०२२ च्या जुलैपासून जहाजांवर बसवल्या जाणाऱ्या नव्या ईपर्बमध्ये जीपीएससारखी यंत्रणा सक्तीची झाली आहे. शिवाय जीपीएस, ग्लोनास आणि गॅलिलिओ या दिशादर्शक उपग्रहांवरही आता हे कान बसवले आहेत. ते मधल्या कक्षेत असतात आणि एका वेळी अनेक दिसतात, त्यामुळे फार थांबावं लागत नाही.

आता हाक बंगळुरूला पोचली असं धरू. तिथे इस्रोच्या इस्ट्रॅक या संस्थेत भारताचं मिशन कंट्रोल सेंटर आहे. ते भारताबरोबर बांगलादेश, भूतान, मालदीव, नेपाळ, सेशेल्स, श्रीलंका आणि टांझानिया यांच्याही हाका ऐकतं. पडद्यावर आकडा उमटतो, संकेत ४१९ दिसतो, नोंदवही उघडली जाते. हाक समुद्रातली असेल तर माहिती तटरक्षक दलाच्या सागरी बचाव केंद्राकडे जाते (अशी केंद्रं मुंबई, चेन्नई आणि अंदमानात आहेत) आणि तिथला अधिकारी पहिली गोष्ट करतो ती फोन लावण्याची.

हा फोन कसा जातो यावर पुढचं सगळं ठरतं. समजा नोंद नीट आहे. पलीकडून बाई सांगतात, “हो, बोट आमचीच. परवा पहाटे निघाले, सात जण आहेत, बोट निळी, वर पांढरी केबिन. रात्री बोलणं झालं तेव्हा देवगडच्या समोर होते.” दोन मिनिटांत अधिकाऱ्याला माणसांचा आकडा, बोटीचा रंग आणि दिशा मिळाली, विमानाच्या खिडकीतून काय शोधायचं ते ठरलं. किंवा पलीकडून नाखवाच उचलतो आणि म्हणतो, “साहेब, बोट धक्क्याला बांधलेली आहे. पोरं केबिन धूत होती.” तेही तितकंच मोलाचं. जगभर येणाऱ्या हाकांपैकी बहुसंख्य खोट्या निघतात: कुणाचा हात लागला, पेटी काढताना चुकली, पाणी शिरलं. नोंद असेल तर असा इशारा एका फोनवर मिटतो आणि हेलिकॉप्टर खऱ्या हाकेसाठी मोकळं राहतं.

आणि समजा नोंद नाही. मग अधिकाऱ्याने कुणाला विचारायचं? पेटी कुणी बनवली, कुठल्या दुकानातून विकली गेली, असा माग काढत बसायचं. त्यात जागाही कळलेली नसेल तर समुद्र एवढा मोठा आहे की विमान कुठे पाठवायचं हा प्रश्न उरतोच.

सप्टेंबर २०१८ मध्ये नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थपासून जवळजवळ १,९०० सागरी मैलांवर वादळाने होडी उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला आणि उठताही येईना. त्यांनी ईपर्ब सुरू केली. ते कोण आहेत, कुठे आहेत, काय झालंय, हे सगळं ठाऊक होतं. ऑस्ट्रेलियाचं बचाव केंद्र, भारतीय नौदल आणि फ्रान्स असे तिघे कामाला लागले. तरीही ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज त्यांच्यापर्यंत पोचायला २४ सप्टेंबर उजाडला, म्हणजे तीन दिवस. हे अंतर कुठल्याही तंत्रज्ञानाने आखूड होत नाही. आखूड करता येतात ते सुरुवातीचे तास, आणि ते ‘कोण आहे हा?’ या प्रश्नात जातात किंवा वाचतात. टॉमी बरे झाले आणि २०२३ मध्ये त्याच शर्यतीत दुसरे आले.

आपल्या मच्छीमारांसाठी इस्रोने वेगळं, स्वस्त यंत्र केलं आहे: डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर, म्हणजे ‘डॅट’. त्यावर आग, बोट बुडणं, वैद्यकीय मदत असे संकटाचे प्रकार निवडता येतात, आणि हाक आपल्या भूस्थिर उपग्रहामार्फत बंगळुरूच्याच केंद्राकडे जाते. पहिल्या पिढीच्या यंत्रात एक दुःख होतं: बटण दाबलं, पण कुणी ऐकलं का, हे तांडेलाला कळायचं नाही. अंधारात, पाणी उपसत, उत्तराविना बसायचं. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या डॅटवर ‘हाक पोचली’ अशी पोच येते. माझ्या मते ही सुधारणा बाकी सगळ्यांहून मोठी आहे, कारण मदत येतेय हे कळलेला माणूस बोट धरून राहतो. पण ओळख म्हणून डॅटही आकडाच पाठवतं. तो कुठल्या बोटीचा, हे पुन्हा नोंदीवरूनच कळतं.

आणि नोंद शिळी होते. मिरकरवाड्याला किंवा हर्णैला बोटीचा सौदा होतो तेव्हा इंजिन तपासतात, जाळ्यांचा भाव वेगळा ठरतो, कागद नावावर होतात. केबिनच्या टपावर लावलेलं यंत्र बोटीबरोबर जातं, पण त्याची नोंद जुन्या मालकाच्या नावाने तशीच राहू शकते. मग फोन जातो त्याला, आणि तो म्हणतो, “मी तर ती बोट दोन वर्षांपूर्वी विकली.” कुणाला विकली ते आठवलं तर बरं. जहाजाने देशाचा झेंडा बदलला तर पेटीत नवा संकेत भरावा लागतो. जहाज भंगारात निघालं की पेटीची बॅटरी काढावी लागते आणि नोंद रद्द करावी लागते. नाही तर ती लोखंडाच्या ढिगातून हाका मारत राहते. मोबाइल नंबर तर आपण सगळेच बदलतो. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात नोंद दर दोन वर्षांनी ताजी करायला सांगतात ते यासाठीच. परदेशी राहून डोंगर चढणाऱ्या आपल्या मंडळींनीही एक ध्यानात ठेवावं: पेटीत ज्या देशाचा संकेत भरलाय, नोंद त्या देशाकडे करायची. सिडनीत घेतलेल्या पीएलबीत बहुधा ५०३ असतो आणि तिची नोंद ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे होते, घर साताऱ्याला असलं तरी. ज्या देशाची स्वतःची सोय नाही, त्यांच्यासाठी कॉस्पास-सारसॅटची २००६ पासून चालणारी आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे, आणि ती फुकट आहे.

चुकून पेटी सुरू झाली तर पुष्कळ जण घाबरून ती बंद करतात आणि गप्प बसतात. हाक तर गेलेली असते, आणि ती अचानक थांबली की बुडाल्याचीच शंका बळावते. तेव्हा लगेच कळवावं. भारताच्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

नोंदणीचा अर्ज भरताना शेवटी तातडीच्या संपर्काचा रकाना येतो. तिथे स्वतःचाच मोबाइल लिहून मोकळं होण्याचा मोह होतो, पण केंद्रातून फोन लागेल तेव्हा तो मोबाइल आपल्याबरोबर पाण्यात असेल. तिथे लिहायचं ते किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचं नाव, एक नाही, निदान दोघांचं, आणि निघताना त्यांना सांगून जायचं की कुठे चाललोय, किती जण आहोत आणि कधी परत येणार आहोत.