शब्दजाती, इंग्रजी भाषेतील

इंग्रजी शब्दांचे रूप, अर्थ किंवा वाक्यातील कार्य यांवरून पाडलेले वर्ग. शालेय व्याकरणातील आठ जाती मराठी वाचकाला परिचित आहेत. हीच इंग्रजी वळणाची मांडणी मराठीत रुजली. तिचा आरंभ सामान्यतः दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणापासून (१८३६) धरतात.

आठ हा आकडा ग्रीक परंपरेतून आला. डायोनिसिअस थ्रॅक्सच्या नावावरील व्याकरणात (इ. स. पू. सु. १००) आठ जाती आहेत, मात्र या ग्रंथाचा बराच भाग उत्तरकालीन असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यात उपपद (इंग्रजीतील ‘अ’, ‘द’ यांसारखा शब्द) आणि धातुसाधित (क्रियापदापासून बनलेला शब्द) या स्वतंत्र जाती होत्या, तर विशेषण नामातच मोडे. लॅटिनमध्ये उपपद नसल्याने तिथे केवलप्रयोगी आले आणि आकडा टिकला. विल्यम बुलोकारच्या इंग्रजी व्याकरणानेही (१५८६) तोच उचलला. बेन जॉन्सनने (१६४०, मरणोत्तर) उपपद नववे धरले; लिंडले मरीकडेही (१७९५) नऊच आहेत. विशेषण नामापासून वेगळे काढण्याची रीत अठराव्या शतकात स्थिरावली.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझने (१९५२) अर्थावरील व्याख्याच बाजूला सारल्या. सुमारे ५० तासांच्या दूरध्वनी-संभाषणांवरून त्याने चार मुख्य वर्ग आणि कार्यशब्दांचे (‘द’, ‘अँड’ यांसारख्या, मुख्यतः व्याकरणिक काम करणाऱ्या शब्दांचे) १५ गट पाडले. त्याची कसोटी साच्याची: ‘द कॉन्सर्ट वॉज गुड’ यात ‘कॉन्सर्ट’च्या जागी बसेल तो पहिल्या वर्गातला.

अर्थावर विसंबल्यास कुठे चुकते, हे ‘स्कूल बस’मध्ये दिसते. ‘स्कूल’ बसबद्दल अधिक माहिती देतो म्हणून विद्यार्थी त्याला विशेषण म्हणतात. पण आधी ‘व्हेरी’ लावून पाहावे, मग ‘द बस इज स्कूल’ म्हणून पाहावे. दोन्ही जमत नाहीत. तो नामच, फक्त विशेषणाच्या जागी बसलेला. एकच कसोटी मात्र पुरत नाही: ‘डेड’ निःसंशय विशेषण असूनही मूळ अर्थाने ‘व्हेरी’ घेत नाही.

‘बिफोर’ला परंपरा संदर्भानुसार शब्दयोगी, उभयान्वयी वा क्रियाविशेषण ठरवते. इंग्रजीचे आधुनिक व्याकरणकार हडलस्टन व पुलम (२००२) तिन्ही ठिकाणी त्याला शब्दयोगीच मानतात, आणि ते सुटसुटीत आहे. संगणकीय पदनिर्देशनात, म्हणजे प्रत्येक शब्दाला त्याच्या जातीची खूण लावण्यात, वर्ग वाढतात: पेन ट्रीबँक या खुणा लावलेल्या इंग्रजी मजकुरांच्या संग्रहात विरामचिन्हे सोडून ३६ खुणा आहेत. त्यांतली एक एकट्या ‘टू’साठी, मग तो शब्दयोगी असो की क्रियापदाआधीचा.